ओखामंडळचे शिंपले

(दृश्य: बडोद्याचं सूरसागर तळं, सकाळ. दगडी काठावर हिरवं शेवाळ.)

ओल्या दगडावर जपून पाय टाकायचा, हे सूरसागरच्या आसपास वाढलेल्या पोराला शिकवावं लागत नाही. तळ्यात हा थर फार तर आपल्याला घसरवतो. समुद्रात असाच थर शिंपल्यांची शेती करणाऱ्याचं पीक खातो.

बडोद्यात बसून समुद्राची शेती? हो. द्वारकेसकट ओखामंडळ, म्हणजे सौराष्ट्राचं पश्चिम टोक, बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होतं. १९०५-०६ मध्ये सयाजीरावांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून तो किनारा तपासून घेतला. त्यांच्या आधीचे राजे खंडेराव यांनी मोत्यांचा गालिचा करवून घेतला होता. त्या घराण्याला शिंपल्यांचं कुतूहल नसतं तरच नवल! हॉर्नेलने तिथून स्पंजही गोळा केले. शिंपल्यांवर येऊन बसणारे हे पाहुणे त्यांची शेती करणाऱ्याला चांगलेच ठाऊक असतात.

(दृश्य: पाण्यातून वर येणारी दोरी, टणक कवचाच्या, चिकटून बसणाऱ्या बार्नेकलने भरलेली.)

समुद्रात काहीही बुडवा, काही तासांत त्यावर अदृश्य साय धरते. त्या सायीवर जिवाणू येतात, मागोमाग डायटम हे सूक्ष्म शैवाल. मग बार्नेकल, शिणाणे (काळे शिंपले), स्पंज, हायड्रॉइड (झुडपासारखे दिसणारे, दंश करणारे छोटे जीव). यांची पिल्लं पाण्यात तरंगत कायमचं घर शोधत असतात, आणि आपण मासे पाळायला टांगलेल्या पिंजऱ्याच्या जाळ्यापेक्षा बरी जागा त्यांना कुठे मिळणार? जाळ्याची भोकं बुजतात. आतलं पाणी खेळत नाही, प्राणवायू घटतो, माशांचा अमोनिया तिथेच साठतो. शिंपल्यांची तर दुहेरी कोंडी: तेही पाणी गाळून जगतात आणि अंगावर बसलेले शेजारीही. काही स्पंज कवचच पोखरतात.

मग विष लावा, असं वाटतं. जगाने ते करून पाहिलंय. असे जीव बसू नयेत म्हणून बोटींच्या तळाला लावायच्या रंगात टीबीटी नावाचं कथिलाचं संयुग घालत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या आर्काशों उपसागरात कालवांची कवचं जाड, वेडीवाकडी होऊ लागली. नवी पिल्लं धरेनात. बोटी स्वच्छ, शेती बसली. १९८२ मध्ये फ्रान्सने लहान बोटींवर हा रंग बंद केला. जगभराच्या बंदीचा करार अमलात यायला २००८ उजाडलं. आज जाळ्यांना तांब्याचा लेप देतात. तोही हळूहळू पाण्यात उतरतो, पिंजऱ्याखालच्या गाळात साठतो.

बरं, पाण्यातच जोराच्या फवाऱ्याने जाळं धुतलं तर? हायड्रॉइडचे तुकडे सुटतात आणि त्यांच्या दंशपेशी माशांचे कल्ले भाजून काढतात. म्हणजे साफसफाईतही आजार आहेच.

(दृश्य: तराफा. शिंपल्यांच्या पेट्या उन्हात.)

त्यातल्या त्यात मला पटतो तो जुना उपाय. शिंपले वर काढा, सुरीने खरवडा, थोडा वेळ उन्हात ठेवा. शिंपला कवच मिटून दम धरतो. अंगावरचे मऊ जीव सुकून जातात. जास्त वेळ ठेवलं तर शिंपलाही जातो, म्हणून लक्ष ठेवायला कुणीतरी लागतं. पेटी परत पाण्यात सोडली की त्याच संध्याकाळी नवी साय धरायला लागते.