दोरी, पट्टी आणि शिंदवण्याचं वळण

(दृश्य: शिंदवणे घाट. आंबळ्याकडे चढणारी गाडी.)

पुण्याहून मिरजेला निघालेली गाडी आळंदी स्टेशन सोडते (म्हातोबाची आळंदी, ज्ञानोबांची नव्हे) आणि घाटाला लागते. वळणांवर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच दिसेल. तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो.

किती उंच, यावरच खरी ओढाताण. समजा, वळण तीन डिग्रीचं आहे, म्हणजे त्रिज्या साधारण 583 मीटर. ताशी 65 किलोमीटरने जाणाऱ्या एक्सप्रेसचा तोल साधायला 100 मिलिमीटर उंची हवी. त्याच रुळांवरून मालगाडी 30 च्या वेगाने रखडत जाते. तिला 21 पुरे. एक्सप्रेसचं सगळं ऐकलं तर मालगाडीचा भार आतल्या रुळावर कलतो आणि तो झिजतो. मग मधला आकडा धरायचा, 60 म्हणा. उरलेल्या 40 ची तूट प्रवाशांनी सोसायची. वळणावर आपण बाहेरच्या बाजूला ढकलले जातो ते त्यामुळे.

सरळ रूळ संपला की लगेच पूर्ण गोलाई, असं चालत नाही. मध्ये हळूहळू वाकत जाणारा संक्रमण वक्र असतो. बाहेरचा रूळही तेवढ्याच लांबीत चढत जातो.

(दृश्य: रुळाला लावलेली दोरी. जवळून पट्टी.)

सगळ्यात देखणी आहे ती मोजणी. बाहेरच्या रुळावर दर 10 मीटरला खूण. दोघांनी 20 मीटरची दोरी रुळाच्या आतल्या कडेला ताणून धरायची, तिसऱ्याने मधल्या खुणेपाशी दोरी आणि रुळातलं अंतर वाचायचं. हा व्हर्साइन. आपल्या वळणावर तो 86 मिलिमीटर यायला हवा. संक्रमण वक्रावर तो खुणेगणिक सारखा वाढतो, गोलाईवर स्थिर राहतो. एका खुणेला 97 आणि पुढच्या खुणेला 78 आलं, तर गाडी तिथे हिसका देणारच.

दुरुस्तीत गंमत अशी, की एका खुणेपाशी रूळ 10 मिलिमीटर बाहेर सरकवला तर तिथला व्हर्साइन 10 ने वाढतो, पण दोन्ही शेजारचे 5-5 ने घटतात. म्हणून पहार किंवा मशीन लावण्याआधी सगळा हिशेब कागदावर. कोरेगाव पार्कातल्या ‘इरिसेन’ या रेल्वेच्या स्थापत्य संस्थेत इंजिनिअर हाच हिशेब शिकतात. एक अट कायम: सगळ्या व्हर्साइनची बेरीज बदलता कामा नये. बदलली, तर वळणातून बाहेर पडलेला रूळ पुढच्या सरळ मार्गाला जुळत नाही.