चवीपुरते दोन थेंब: ऑसिलोस्कोपचा प्रोब निवडताना

श्रोतेहो, नमस्कार.

ट्रान्झिस्टरचा जुना रेडिओ मध्यम लहरींवर पुणे केंद्राला, म्हणजे ७९२ किलोहर्ट्झला लावलेला असतो, तेव्हा त्याच्या पोटात आणखी एक लहर तयार होत असते. ७९२ मध्ये ४५५ मिळवा. १२४७ किलोहर्ट्झ. रेडिओचा स्वतःचा ऑसिलेटर या फ्रिक्वेन्सीवर चालतो, आणि दोन्हींमधला ४५५चा फरक पकडून पुढचं सगळं काम होतं. पहिला ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर काढून दाखवणारं यंत्र, घेतला तेव्हा मला ही लहर बघायची होती. रेडिओचं मागचं झाकण काढलं, ऑसिलेटरची गुंडाळी असते त्या लाल कोअरच्या एवढ्याशा डबीच्या पायाला प्रोबचं, म्हणजे स्कोपला सिग्नल नेणाऱ्या केबलचं टोक टेकवलं, आणि स्टेशन गप्प. टोक उचललं, बातम्या परत सुरू. पुन्हा टेकवलं, पुन्हा गप्प.

आधी रेडिओवर संशय घेतला, मग स्कोपवर. प्रोबवर घ्यावा हे सुचायलाही वेळ लागला, कारण माझ्या लेखी प्रोब म्हणजे पुढे हूक लावलेली वायर. आपल्यापैकी बहुतेकांची गोष्ट अशीच असते. स्कोप घेताना महिनाभर चौकशी करतो आणि प्रोब म्हणजे खोक्यात जो येईल तो. तो तुटला की मग बाजारात दुसरा शोधत हिंडतो.

आमटीची चव बघायची तर आपण तळहातावर दोन थेंब घेतो. अर्धी वाटी काढून घेतली तर चव कळेल, पण पातेल्यातली आमटी कमी होईल. प्रोबचं तेच आहे. साध्या प्रोबवर एक सरकतं बटण असतं, वन-एक्स आणि टेन-एक्स. वन-एक्सला ठेवलं की केबल आणि स्कोप मिळून साधारण शंभर पिकोफॅरॅडचं ओझं, म्हणजे तेवढा एक कपॅसिटर, सर्किटवर पडतं. टेन-एक्सला टोकाजवळचा नऊ मेगाओहमचा रेझिस्टर मध्ये येतो, स्कोपचा एक मेगाओहम त्याला मिळून दहा होतात, आणि टोकाशी जाणवणारं ओझं दहा ते वीस पिकोफॅरॅडवर येतं. बदल्यात सिग्नल दहापट लहान दिसतो.

आता माझ्या रेडिओचा हिशेब करू. ऑसिलेटरच्या गुंडाळीवर आधीचे शंभरेक पिकोफॅरॅड धरा. हे पिकोफॅरॅड वाढले की फ्रिक्वेन्सी उतरते. वन-एक्सने त्यात आणखी शंभर ओतले की १२४७ किलोहर्ट्झ घसरून ८८२ वर येतात. त्यातून ४५५ वजा केले तर ४२७ उरतात, आणि ते मध्यम लहरींच्या पट्ट्यातच बसत नाहीत. स्टेशन जाणारच. टेन-एक्सवर पंधराएक पिकोफॅरॅड पडतात. तेव्हाही स्टेशन हलतं, पण डायल थोडी फिरवली की परत सापडतं. ब्रेडबोर्डवर मायक्रोकंट्रोलर आणि सोळा मेगाहर्ट्झचा क्रिस्टल जोडणाऱ्यांना हाच अनुभव दुसऱ्या रूपात येतो. क्रिस्टलला बावीस-बावीस पिकोफॅरॅडचे कपॅसिटर असतात. तिथे शंभरचं ओझं टाकलं की क्रिस्टल बंद पडू शकतो, आणि आपण बिचाऱ्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

म्हणून पहिली गोष्ट. फक्त वन-एक्सचा प्रोब स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. बटणाचा घ्या आणि बटण टेन-एक्सलाच राहू द्या. वन-एक्स अगदीच निरुपयोगी नाही. पॉवर सप्लायच्या पाच व्होल्टवर बसलेला दहा-वीस मिलिव्होल्टचा रिपल, म्हणजे बारीक चढउतार, बघायचा तर तोच बरा, कारण तिथे ओझ्याची पर्वा नसते आणि सिग्नल लहान असतो. मात्र त्या बाजूला प्रोबची धाव सहा-सात मेगाहर्ट्झपर्यंतच असते. पाकिटावर शंभर लिहिलेलं असतं ते टेन-एक्सचं.

या शंभरच्या आकड्याबद्दल बोलायलाच हवं. प्रोबची बँडविड्थ, म्हणजे ही धाव, शंभर मेगाहर्ट्झ म्हणजे तिथपर्यंत सगळं जसंच्या तसं दिसतं, असं नाही. त्या फ्रिक्वेन्सीला उंची सत्तर टक्क्यांवर आलेली असते. चौकोनी लहरींच्या बाबतीत कडा चढायला किती वेळ लागतो हे बघावं. ०.३५ ला बँडविड्थने भागायचं. पन्नास मेगाहर्ट्झच्या स्कोपला सात नॅनोसेकंद, शंभरच्या प्रोबला साडेतीन. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. उत्तर येतं सुमारे ७.८. म्हणजे आपल्या पन्नासच्या स्कोपला शंभरचा प्रोब लावल्यावर सातचे पावणेआठ होतात, बस. प्रोब दोनशेचा घेतला तर सव्वासात. या अर्ध्या नॅनोसेकंदासाठी जास्तीचे पैसे मोजणं माझ्या खिशाला पटत नाही. पी-६१०० नावाने जे शंभर मेगाहर्ट्झचे साधे प्रोब सगळीकडे मिळतात, ते पन्नासच्या स्कोपला पुरतात. स्कोप शंभरचा असेल तर मात्र प्रोब दीडशे-दोनशेचा बघा. आणि स्वस्त प्रोबवरचा आकडा थोडा फुगवलेला असू शकतो, हे मनात धरूनच हिशेब करा.

मी आकड्यापेक्षा हाताला काय लागतं ते बघतो. तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला जाताना खिशात मल्टिमीटर ठेवा. दुकानदार हसेल, हसू द्या. ग्राउंडच्या क्लिपपासून कनेक्टरच्या बाहेरच्या कड्यापर्यंत जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत. टोकापासून कनेक्टरच्या मधल्या पिनेपर्यंत टेन-एक्सला नऊ मेगाओहम. वन-एक्सला शंभर-दोनशे किंवा तीनशेपर्यंत ओहम दिसतील, तेव्हा प्रोब खराब म्हणून परत करू नका. ती तार मुद्दामच रोधाची केलेली असते, नाहीतर सिग्नल केबलमध्ये पुढेमागे आपटत राहतो. मीटर लावलेलाच ठेवून केबल दोन्ही टोकांपाशी वाकवून बघा. आकडा नाचला तर तो प्रोब परत पेटीत. स्वस्त प्रोब मरतात ते इथेच, नाहीतर हुकाची स्प्रिंग ढिली पडून.

एक आकडा आपल्या स्कोपवरच छापलेला असतो. इनपुटच्या शेजारी एक मेगाओहम आणि काही पिकोफॅरॅड, समजा पंधरा किंवा वीस. प्रोबच्या कागदावर तो किती ते किती पिकोफॅरॅडशी जुळतो ते दिलेलं असतं. आपला आकडा त्या पट्ट्यात हवा. जुळवायला प्रोबवर एक बारीक स्क्रू असतो, कधी मुठीपाशी, कधी कनेक्टरपाशी. स्कोपच्या तोंडावर एक किलोहर्ट्झची चौकोनी लहर देणारा खिळा असतो, त्याला हूक अडकवायचा आणि प्लॅस्टिकच्या छोट्या पेचकसने लहरीचा माथा सपाट करायचा. कोपरे वर आले तर जास्त झालं, घसरले तर कमी. स्वयंपाकघरात शिरल्यावर आधी हात धुतात तसं हे प्रोब लावल्यावर आधी करावं. स्कोपच्या दुसऱ्या चॅनेलला, म्हणजे दुसऱ्या इनपुटला, लावला की पुन्हा. आणि स्कोपच्या मेन्यूत टेन-एक्स सांगितलंय ना, तेही बघा. एकदा पाच व्होल्टच्या जागी पन्नास दिसल्यावर मी दोन रेग्युलेटर बदलले होते. प्रोबचं बटण वन-एक्सला सरकलेलं होतं.

पाकिटातली सगळ्यात मोलाची वस्तू बहुतेक जण टाकून देतात. टोकावर बसणारी इवलीशी तारेची स्प्रिंग. ग्राउंडची वायर पंधरा सेंटिमीटर लांब असते. तिचं इंडक्टन्स दीडशे नॅनोहेन्रीच्या घरात आणि टोकाचे पंधरा पिकोफॅरॅड. दोघं मिळून शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास घुमतात. मग प्रत्येक कडेनंतर पडद्यावर शिंगं आणि थरथर दिसते. ती सर्किटची नसते, आपल्या वायरची असते. हुकाची टोपी काढायची, खालच्या धातूच्या कड्यावर स्प्रिंग बसवायची आणि जवळचं ग्राउंड टेकवायचं. स्प्रिंग हरवली असेल तर रेझिस्टरचा कापलेला पाय कड्याभोवती गुंडाळा. महागाचा प्रोब लांब वायरीने वापरणाऱ्यापेक्षा स्वस्त प्रोब स्प्रिंगने वापरणारा माणूस जास्त खरं बघतो, असं माझं मत आहे.

आता जरा कान देऊन ऐका. ती ग्राउंडची क्लिप स्कोपमधून थेट घराच्या अर्थिंगला जोडलेली असते. चार चॅनेल असले तर चारही क्लिपा आतून एकच. मोबाइलचा चार्जर किंवा एलईडीचा ड्रायव्हर उघडून, मेन्सच्या बाजूच्या मोठ्या कपॅसिटरच्या वजा पायाला ही क्लिप लावली की धडाका होतो. तो पाय वजा आहे, अर्थिंग नाही. आपल्या २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टला जातं, आणि ते सगळं क्लिपमधून अर्थकडे पळतं. यावर एक घातक उपाय वर्कशॉपमध्ये सर्रास दिसतो, स्कोपची अर्थ पिन काढून टाकायची. मग स्कोपचा धातूचा सगळा भाग जिवंत होतो आणि आपण त्याची बटणं फिरवत असतो. हे करू नका. जे उपकरण तपासायचं आहे ते आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे मेन्सशी तारेचा थेट संबंध तोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर घ्या, किंवा दोन प्रोब टेन-एक्सला ठेवून, क्लिपा मोकळ्या सोडून, एक चॅनेल वजा दुसरा असा हिशेब स्कोपकडून करून घ्या. असलं काम रोजचंच असेल तर डिफरेन्शियल प्रोबसाठी, म्हणजे ही वजाबाकी स्वतःच करणाऱ्या प्रोबसाठी, पैसे साठवा. एरवी काटकसर सांगणारा मी, इथे नाही सांगणार.

आणि त्या रेडिओचं काय झालं? पातळ एनॅमलच्या तारेचे सात-आठ वेढे पेन्सिलीवर घेतले. एक टोक हुकाला, दुसरं ग्राउंडच्या क्लिपेला. बटण चक्क वन-एक्सला ठेवलं, कारण इथे कशालाच हात लावायचा नव्हता. वेढे त्या लाल डबीजवळ नुसते धरले. पडद्यावर बारीकशी लहर उमटली, स्कोपने आकडा दाखवला १२४७च्या आगेमागे, आणि रेडिओवर बातम्या चालूच होत्या.