डाय बिघडली तर दुरुस्त कोण करणार? सोलापूरची टूल-डाय वर्कशॉप मागे का पडत आहेत

नमस्कार. आजचा विषय सोलापूरच्या औद्योगिक वसाहतींमधील छोट्या टूल-डाय वर्कशॉपचा, म्हणजे पत्रा कापण्याचे किंवा वाकवण्याचे साचे (डाय) बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपचा आहे. अक्कलकोट रोड, होटगी रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत ज्यांचे जाणे-येणे आहे, त्यांनी अशी वर्कशॉप पाहिलेली असतील: एक लेथ, एक मिलिंग मशीन, एक सरफेस ग्राइंडर, भिंतीलगत फिटरचे टेबल आणि दोन-तीन माणसे. ही वर्कशॉप कमी होत चालली आहेत. नवी डाय पुण्याहून करून आणता येते, तेव्हा त्यात एवढे काय बिघडले, असा प्रश्न विचारला जातो. डाय बाहेरून आणता येते हे मला मान्य आहे. परंतु डाय चालू ठेवण्याचे काम अडीचशे किलोमीटरवरून होत नाही, आणि सोलापूरसारख्या शहराचे खरे नुकसान तिथेच होते. हे समजण्यासाठी आधी डायचे काम पाहावे लागेल.

सोलापूरकरांना जवळचे असे उदाहरण घेऊ. स्वयंचलित मागावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या, प्रत्येक धाग्यात पातळ पोलादी पट्टीची एक ड्रॉप पिन अडकवलेली असते. धागा तुटला की पिन खाली पडते आणि माग थांबतो. ही पिन पत्र्यातून कापून निघते. त्यासाठी प्रेसवर, म्हणजे दाबयंत्रावर, वर पंच असतो, खाली छिद्र असलेली डाय असते (या सगळ्या संचालाही डायच म्हणतात) आणि पत्रा पंचाला चिकटून वर जाऊ नये म्हणून मध्ये स्ट्रिपर असतो. पंच डायमध्ये शिरतो तेव्हा दोघांमध्ये थोडी जागा ठेवावी लागते, तिला क्लिअरन्स म्हणतात. साध्या पोलादी पत्र्यासाठी हा क्लिअरन्स प्रत्येक बाजूला जाडीच्या सुमारे ५ टक्के धरतात आणि पत्रा कडक असेल तर वाढवतात. पत्रा ०.३ मिलिमीटर जाडीचा असेल तर ही जागा ०.०१५ मिलिमीटर होते, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी.

ही जागा चारही बाजूंनी सारखी असेल तोवर कापलेली कड स्वच्छ येते. पंच जरा सरकला किंवा धार गेली की कडेला बर, म्हणजे धारदार कंगोरा येतो. ड्रॉप पिनच्या छिद्राला अशी बर आली, तर जो धागा सांभाळण्यासाठी ती पिन बसवलेली असते तोच धागा ती कापू लागते.

धार गेल्यावर डाय टाकून देत नाहीत. पंचाचे आणि डायचे तोंड सरफेस ग्राइंडरवर शतांश मिलिमीटरच्या हिशेबात घासतात, कमी झालेली उंची खाली पॅकिंग (पातळ पट्ट्या) देऊन भरून काढतात आणि डाय पुन्हा प्रेसवर चढवतात. डायच्या छिद्राचा वरचा काही मिलिमीटरचा भाग सरळ ठेवलेला असतो आणि त्याच्याखाली तुकडा मोकळा पडावा म्हणून उतार दिलेला असतो. सरळ भाग घासून संपला की पुढच्या प्रत्येक घासणीबरोबर क्लिअरन्स वाढत जातो. म्हणून आतापर्यंत किती घासले आहे, पॅकिंग कुठे आणि किती दिले आहे, कोणता पंच बदललेला आहे, हे सगळे कुणाला तरी ठाऊक असावे लागते. छोट्या वर्कशॉपमध्ये ते बहुतेक वेळा मालकाला किंवा त्याच्या जुन्या फिटरला तोंडपाठ असते आणि कागदावर त्यातले फारच थोडे असते.

वाकवण्याच्या डायमध्ये ही गरज आणखी वाढते. पत्रा ९० अंशांत वाकवला तरी दाब सुटल्यावर तो थोडा मागे उघडतो, म्हणून डायमध्ये एक-दोन अंश जास्त वाकवावे लागते. किती जास्त, याचा अंदाज गणिताने येतो, पण पत्र्याचा लॉट बदलला की तो अंदाजही बदलतो. त्यामुळे एक तुकडा काढायचा, मोजायचा, पंच थोडा घासायचा आणि पुन्हा तुकडा काढायचा, असे करत डाय ट्रायलवर तयार होते. वर्कशॉप आणि प्रेस एकाच वसाहतीत असतील तर अशा चार फेऱ्या एका दिवसात होतात. डाय प्रत्येक वेळी टेम्पोत घालून पुण्याला पाठवायची असेल तर याच कामाला आठवडे लागतात आणि तोवर प्रेस, माणूस आणि ऑर्डर तिन्ही थांबून राहतात.

सोलापुरात ही कारागिरी कुठून आली, हेही थोडक्यात सांगायला हवे. १८७७ साली इथे जुनी मिल सुरू झाली आणि पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीला स्वतःचे वर्कशॉप लागत असे, कारण मागाचा तुटलेला भाग परदेशातून येईपर्यंत विभाग बंद ठेवणे परवडत नसे. यंत्रमागांची वस्ती वाढली तशी सुट्या भागांची मागणीही गल्लोगल्ली पसरली. गिरण्या बंद पडल्या आणि धोट्याच्या मागांच्या जागी अनेक ठिकाणी धोट्याविना चालणारे रेपियर माग आले. या मागांचे बरेच सुटे भाग पुरवठादाराच्या कॅटलॉगमधून मागवले जातात. कॅमशाफ्टसारखे अवघड भाग बनवून परदेशी पाठवणारा उद्योगही याच शहरात आहे. अशा मोठ्या कारखान्यांना स्वतःचे टूलरूम ठेवता येते, छोट्या उद्योगाला मात्र शेजारच्या वर्कशॉपवरच विसंबावे लागते.

आता ही वर्कशॉप मागे पडण्याच्या कारणांकडे येऊ. पहिले कारण यंत्राचे आहे. डायसाठी वापरले जाणारे डी-२ पोलाद, ज्यात सुमारे १२ टक्के क्रोमियम असते, १,००० अंश सेल्सिअसच्या वर तापवून कडक केले की ते थोडे हलते, म्हणजे त्याचे माप बदलते. पूर्वी हे हलणे आधीच ओळखून, भाग कुठे टेकतो ते दिसावे म्हणून निळा रंग लावून, कानसेने आणि ग्राइंडरने जोड बसवणारा फिटर हा वर्कशॉपचा आधार होता. वायरकट मशीन कडक केलेले पोलादच विजेच्या ठिणग्यांनी कापते, त्यामुळे त्या कौशल्याचा मोठा भाग यंत्राकडे गेला. हे यंत्र वाईट आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्याने अचूकता वाढली आणि कष्ट कमी झाले. अडचण अशी की ते महाग आहे, आणि छोट्या वर्कशॉपला वायरकटचे काम चौरस मिलिमीटरच्या दराने बाहेर द्यावे लागते. डायच्या किमतीतला मोठा वाटा असा बाहेर जातो आणि जबाबदारी पूर्ण वर्कशॉपकडेच राहते.

दुसरे कारण पैशांचे आहे, आणि माझ्या मते तेच अधिक जीवघेणे आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. परंतु दिवस मोजायचे ते माल स्वीकारल्यापासून. ग्राहकाने १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर होईल तो दिवस स्वीकृतीचा मानला जातो. सुट्या भागांच्या बाबतीत ही तरतूद रास्त आहे. डायचा स्वभावच मात्र ट्रायलवर सुधारत जाण्याचा असल्यामुळे इथे हरकत जवळपास ठरलेलीच असते. पत्रा ग्राहकाचा, प्रेस ग्राहकाची, आणि पत्र्याच्या लॉटमुळे कोन चुकला तरी थांबते ते वर्कशॉपचे बिल. पोलादाचे, हार्डनिंगचे आणि वायरकटचे पैसे तोवर मालकाने खिशातून दिलेले असतात. एक-दोन ग्राहकांवर चालणारा माणूस त्याच ग्राहकाविरुद्ध व्याजाची तक्रार नेणार नाही, हे उघड आहे.

मग घरातला मुलगा या धंद्यात उतरत नाही. टूल अँड डाय मेकर हा आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण डाय पाहून दोष ओळखण्याची नजर येण्यास त्यापुढे बरीच वर्षे जातात. चाकणमध्ये व्हीएमसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग मशीन) ऑपरेटर म्हणून दरमहा ठरलेला पगार मिळत असताना त्याने ही वर्षे इथे का घालवावीत, याचे उत्तर आज आपल्याकडे नाही. तो गेला म्हणून त्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

मला दोन मागण्या मांडायच्या आहेत. वायरकटसारखे यंत्र प्रत्येकाने घेण्याऐवजी उद्योजकांच्या गटाने सामायिक सुविधा केंद्रात बसवावे. केंद्र सरकारच्या समूह विकास कार्यक्रमात अशा केंद्रांसाठी मदतीची तरतूद आहे. आणि ट्रायल हे स्वतंत्र, मोबदल्याचे काम समजून खरेदी ऑर्डरमध्येच त्याच्या फेऱ्या आणि दर लिहावेत, म्हणजे ग्राहकाचा पत्रा बदलल्याचा भार वर्कशॉपवर पडणार नाही.

ज्या उद्योजकांच्या डाय अशा वर्कशॉपमध्ये ठेवलेल्या आहेत, त्यांनी मात्र योजनेची वाट पाहू नये. प्रत्येक डायसाठी एक कार्ड करावे आणि त्यावर पोलादाचा प्रकार, कडकपणा, मूळ उंची, आजची उंची, पॅकिंगची जाडी व जागा आणि बदललेले पंच लिहून घ्यावेत. वर्कशॉपचा मालक काम थांबवण्याच्या विचारात असेल तर या माहितीचा त्याला मोबदला द्यावा, कारण ती त्याची कमाई आहे. डाय परत आणण्याआधी त्याच्याच उपस्थितीत ती प्रेसवर चढवावी, आणि शेवटचा निघालेला तुकडा व पत्र्याची शेवटची पट्टी डायला बांधून ठेवावी. पुढे जो कोणी ती डाय हातात घेईल, त्याला त्या पट्टीच्या कडेवरची बर पाहून कोणत्या बाजूने सुरुवात करायची ते कळेल.