कन्हानची रेती समुद्रात काय करते?

नमस्कार श्रोतेहो.

नागपुरात बसून समुद्रातल्या बेटांच्या गोष्टी कशाला, असं वाटेल. पण कन्हानच्या पात्रात उतरून मूठभर रेती हातात घ्या. त्यातले गारगोटीचे पांढुरके कण सातपुड्याच्या खडकांतून झिजून आलेले. कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा नि वर्धा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. पुरागणिक आपली रेती त्याच वाटेने थोडी थोडी सरकते.

समुद्राशी नदीचा जोर मोडतो आणि रेती मुखाशी बसते. पुढचं काम लाटांचं. लाट किनाऱ्यावर बहुधा तिरपी येते आणि कणाला तिरपंच वर ढकलते. परतताना पाणी मात्र सरळ उताराने खाली ओघळतं, त्यामुळे कण निघाला तिथे परत न जाता किनाऱ्याच्या कडेने जरासा पुढे पडतो. दिवसरात्र हेच चालतं. आपल्या पूर्व किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा ही रेती एकंदरीत उत्तरेकडे नेतात.

जिथे किनारा आत वळतो, तिथे प्रवाह मंदावतो आणि पाण्याखाली रेतीचा दांडा साचू लागतो. उथळ पाण्यामुळे लाटा तिथेच फुटतात, आणखी रेती टाकतात. माथा भरतीच्या वर आला की वारा कोरडी रेती उडवून त्याची उंची वाढवतो. मग मर्यादवेल पसरते आणि ती रेती धरून ठेवते. काकीनाड्यासमोरचं होप बेट गोदावरीच्या अशाच रेतीतून घडलं. आज ते काकीनाड्याला वादळी लाटांपासून आडोसा देतं आणि तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात.

अशी बेटं जातातही. १९७० च्या भोला चक्रीवादळानंतर सुंदरबनात हरिभंगा नदीच्या मुखाशी एक बेट वर आलं. भारत त्याला न्यू मूर म्हणे, बांगलादेश दक्षिण तालपट्टी. मालकीचा वाद वर्षानुवर्षं चालला. २०१० पर्यंत बेटच पाण्याखाली गेलं.

मला चिंता वाटते ती रेतीच्या आवकेची. धरणात पाणी थांबलं की जड रेती तळाशी बसते. घाटांवरून ट्रकांनी उपसली जाते ती वेगळीच. लाटा मात्र उचल थांबवत नाहीत. मागून नवी रेती आली नाही, तर दांडा बारीक होत जातो आणि एखाद्या वादळात मधोमध फुटतो. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात काही ठिकाणी समुद्र आत सरकतो आहे, आणि वरच्या धरणांत अडलेला गाळ हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं.