हातमशीन की मोटर? दादरच्या स्टॉलपासून धारावीच्या माळ्यापर्यंत

चामड्याला एकदा भोक पडलं की पडलं. कापडाचं तसं नसतं, टाका उसवायचा, नखाने जरा घासायचं, वरून इस्त्री फिरवायची, कुणाला कळतही नाही. चामड्यात सुई चुकीच्या जागी गेली तर ते भोक त्या बॅगेसोबत शेवटपर्यंत राहतं. लेदरचं मशीन घ्यायचंय, हाताचं घेऊ की मोटरचं, असं मला विचारणारे बहुतेक सगळे आधी स्पीड विचारतात, मग किंमत विचारतात, आणि मी सगळ्यांना एकच सांगते, आधी बघा सुई तुम्हाला पाहिजे तिथे थांबते का.

हे दादर वेस्ट, संध्याकाळचे सहा. गर्दीच्या कडेला हा पत्र्याचा छोटा गटई स्टॉल, म्हणजे चपला-बॅगा दुरुस्तीचा. आत आरी, रापी, ऐरण, मेणाचा गोळा, सोल्युशनचा डबा, आणि समोर हे काळं मशीन. सिंगर २९के, अशा मशीनला पॅचर म्हणतात. यातला 'के' म्हणजे किलबोवी, स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला सिंगरचा जो मोठा कारखाना होता तिथला. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला, त्याचं मशीन इथे अजून रोज चालतंय. स्टॉलला लाईटचं कनेक्शन नाही, त्यामुळे स्टॉलवाल्या काकांपुढे हात की मोटर हा प्रश्नच कधी आला नाही. पण मी त्यांच्याकडे तासभर बसले ना, तेव्हा कळलं की लाईट मिळाली असती तरी या कामासाठी त्यांनी हेच मशीन ठेवलं असतं.

आता हा शॉट नीट बघा. एका मुलीच्या सँडलचा पट्टा पुढच्या बाजूला उसवलाय, बोटांच्या जवळ, जिथे साध्या मशीनची सुई पोचूच शकत नाही. काकांनी सँडल मशीनच्या त्या लांब निमुळत्या हातावर मोज्यासारखी चढवली. आणि आता वळणावर बघा, सँडल हलली नाही, सुईजवळचा दाबाचा पाय फिरला. हा पाय पूर्ण गोल फिरतो, आणि ज्या दिशेला तो वळेल त्या दिशेला माल सरकतो. काका चाक फिरवतात, एक फेरी एक टाका, मग थांबतात, पाय जरासा वळवतात, परत एक टाका.

"काका, सातची लोकल आहे हो."

"होतंय गं पोरी, चारच टाके राहिलेत. जुन्याच भोकातून घेतोय, नवीन भोकं पाडली तर पट्टा तिथूनच फाटेल."

जुन्याच भोकातून! रिपेअरिंगचं सगळं कसब यात आलं. सुई अर्ध्यावर आणायची, डोळ्याने बघायचं, भोकावर बसली का, मग खाली सोडायची. हातातलं चाक हे करू देतं कारण हाताला चामड्याचा जोर कळतो, सुई कुठे अडली, कुठे अलगद गेली, सगळं तळव्यात जाणवतं.

मग मोटर कशाला? त्यासाठी धारावीत जावं लागेल.

सायन-बांद्रा लिंक रोडवर काचेची लेदरची दुकानं आहेत ती सगळ्यांनी बघितलेली असतात, जॅकेट, पर्स, ट्रॉली बॅग. त्यांच्या मागच्या गल्लीत शिरायचं, उभी लोखंडी शिडी चढायची, की माळ्यावर हे वर्कशॉप. इथे आज बेल्टची ऑर्डर आहे. हिशोब सोपा आहे, एका बेल्टच्या दोन्ही कडा धरून साधारण ८० इंच शिवण, इंचाला ६ टाके, म्हणजे ४८० टाके. हाताने मिनिटाला ४० फेऱ्या मारल्या तर एक बेल्ट १२ मिनिटांचा, आणि पन्नास बेल्टला दहा तास नुसती शिलाई, खांदा भरून येतो ते वेगळंच. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते, तिची पुली ३ इंची आणि मशीनचं चाक ९ इंची असेल तर मिनिटाला ४८० टाके पडतात. सरळ शिवत गेलं तर एक मिनिटात बेल्ट. इथे हातमशीनचा हट्ट धरणं म्हणजे कारागिरावर अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

आणि हातमशीनची एक मोठी अडचण विकणारे सांगतच नाहीत. एक हात चाकावर गेला की माल सांभाळायला एकच हात उरतो. बेल्टसारख्या लांब कामात शिवण वाकडी जाते ती यामुळे. म्हणून जुने लोक पायमशीन वापरायचे, पॅचरलाही पायाचा स्टँड मिळायचा, दोन्ही हात मोकळे, वेग आपल्या पायात, लाईट बिल शून्य. आज कुणाला जुना स्टँड चांगल्या अवस्थेत मिळत असेल तर सोडू नका.

मी स्वतः चुकले ते मोटरच्या प्रकारात. पाकिटं शिवायला मी एक सेकंडहँड मशीन घेतलं, दुकानदार म्हणाला ताई लेदरपण मस्त चालतं. खाली क्लच मोटर होती. क्लच मोटर म्हणजे स्विच दाबला की मोटर सतत फुल स्पीडमध्ये फिरतच राहते, पायडल दाबलं की क्लच त्या फिरणाऱ्या मोटरला पकडतो, त्यामुळे हळू शिवायचं तर पाय अर्धाच दाबून क्लच घसरत ठेवावा लागतो. ज्यांच्या पायाला वीस वर्षांची सवय आहे ते ठेवतात. मला नाही जमलं. पहिल्याच आठवड्यात पाकिटाच्या कोपऱ्यावर आले, पाय जरासा जास्त पडला आणि सुई कोपऱ्याच्या पुढे सात टाके धावत गेली. सात भोकं. ते पाकीट मी अजून ठेवलंय, हे बघा, मोजता येतील. दुकानात सांगायला गेले तर उत्तर मिळालं की पायाला सवय होईल.

नवीन शिकणाऱ्याने मोटर घ्यायची तर सर्वो घ्यावी, हे मी ठाम सांगते. ती पायडल दाबल्यावरच फिरते, आवाज कमी, वीज कमी, आणि जास्तीत जास्त वेग बटणाने बांधून ठेवता येतो. फक्त एक गोष्ट, अगदी हळू चालवताना काही सर्वोंचा जोर कमी पडतो, चार थरांच्या जाड जोडावर सुई अडकून बसते. त्यावर उपाय आहे, मोटर आणि मशीनच्या मध्ये रिड्यूसर पुली टाकायची, वेग तिसऱ्या हिश्शावर आला की जोर जवळपास तिप्पट होतो. माझ्या मशीनला आता तेच आहे.

घरच्या शिलाई मशीनला छोटी मोटर जोडून चामडं शिवायला मात्र जाऊ नका. खालचे दात चामड्यावर ओरखडे काढतात, वरचा पाय चामड्याला चिकटतो, टाके लहानमोठे पडतात, जाड माल आला की सुई वाकते. मोटरने हात वाचतो, मशीनची ताकद आहे तेवढीच राहते. सुईसुद्धा लेदर पॉइंटचीच लागते, तिचं टोक चामडं कापत जातं, आणि जाड नायलॉन दोऱ्याला २२-२३ नंबर हवा. मोटरवर फार जोरात पळवलं तर घर्षणाने सुई इतकी तापते की नायलॉनचा दोरा वितळून तुटतो, माणूस उगाच दोऱ्याच्या ताणाचा स्क्रू फिरवत बसतो.

अजून एक, हे बोललंच पाहिजे. हातमशीनवर शिवलेला माल हाताने शिवलेला म्हणून विकू नका. हाताने फिरवा नाहीतर मोटरने, मशीनचा टाका दोन दोऱ्यांचाच, वरचा आणि बॉबिनचा, एकमेकात अडकलेला. खरी हातशिलाई म्हणजे एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात, एक टाका झिजून तुटला तरी बाजूचे धरून राहतात. आणि २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली आपली कोल्हापुरी चप्पल तर चामड्याच्या वादीने शिवतात. त्या मेहनतीचा भाव वेगळा आहे, तो त्यांनाच मिळू दे.

रिपेअरिंग करणार असाल, महिन्याला चार-पाच बॅगा करणार असाल, जागा दहा बाय दहाची असेल, तर हाताचं पॅचर घ्या. नवीन पॅचर घेतलं तर त्याच्या लोखंडाच्या कडा खरखरीत असू शकतात, दोरा कापला जातो, बारीक पॉलिशपेपरने घासून घ्या, पावसाळ्यात रोज पुसून तेलाचा थेंब द्या, आपल्या मुंबईच्या हवेत आठवड्यात गंज दिसतो. ऑर्डरचं काम असेल तर सर्वो. आणि दुकानात जाताना स्वतःचा दोरा आणि स्वतःच्या चामड्याचे तुकडे घेऊन जा, सगळ्यात जाड जोड तिथेच शिवून बघा, कोपऱ्यासकट.

परत माळ्यावर. बेल्टचं टोक आलं. आता बेल्ट शिवणाऱ्या दादांचा पाय बघा, पायडलवरून उचललाय, मोटर गप्प. उजवा हात चाकावर गेला. टोकाच्या गोलाईतले सहा टाके ते हाताने घालतात, प्रत्येक बेल्टला, आणि चाकाचा काळा रंग तेवढ्याच जागी उडून आतलं लोखंड चकचकीत झालंय.