पेठला एवढा पाऊस, तरी उन्हाळ्यात टँकर का?

नमस्कार मंडळी. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा हे शेजारचे तालुके, सगळीकडे तो असाच धो-धो. आणि एप्रिल-मे आला की याच भागातल्या पाड्यांवर टँकरसाठी हंड्यांची रांग. सिन्नर-येवल्याचं समजू शकतो, तिकडे पाऊसच कमी. पण पेठला काय झालं?

आत्ता मी दिंडोरीजवळ एका नव्या विहिरीच्या काठावर उभा आहे. अजून बांधून काढलेली नाही, म्हणून भिंत उघडी आहे. कॅमेरा खाली घे रे जरा. वर काळी माती. मग मुरूम. त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचा खडक दिसतोय? विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. मग हा लाल पट्टा, गेरू. आणि तळाला काळा कातळ, सुरुंगाशिवाय न हलणारा.

साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून इथे लाव्हा आला. शंकूसारखा ज्वालामुखी डोळ्यांपुढे आणू नका. हा पातळ लाव्हा लांबवर पसरत गेला, थिजला, काही काळ सगळं शांत, मग वरून पुढचा लोट. मधल्या काळात उघडा पडलेला माथा ऊन-पावसाने कुजून लाल झाला, की बहुतेक ठिकाणी त्याचाच हा गेरू. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे वर चढतात आणि माथ्याशी अडकतात, म्हणून लोटाचा वरचा भाग भोकाभोकांचा आणि मधला भाग घट्ट. पुढे त्या भोकांत झिओलाइटसारखी खनिजं साचली, तेच हे पांढरे ठिपके. त्यांचे हातभर मोठे, देखणे नमुने बघायचे तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय आहेच. तासभर सहज जातो.

आता पाणी. लोकांना वाटतं, खाली कुठेतरी झरा वाहतोय, तो 'लागला' पाहिजे. मग विहिरीची जागा सांगणारा पाणाड्या येतो, पाणी असेल तिथे म्हणे त्याच्या तळहातावर नारळ उभा राहतो. माझं मत विचाराल तर जुना, मुरलेला पाणाड्या झाडं आणि उतार बघूनच जागा ठरवतो, नारळ बघणाऱ्यांसाठी. आपल्याकडे पाणी राहतं ते मुरमात, झिजलेल्या मांजऱ्यात आणि कातळाच्या फटींत. ताजा, न झिजलेला मांजऱ्या मात्र दगाही देतो, कारण त्याची भोकं भरलेली असतात आणि फटीही कमी. अशा वेळी शेजारचा फटीचा कातळ जास्त पाणी देऊन जातो. आणि फटच नसेल, तर कातळातून थेंब खाली उतरत नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत खोदलेली पाण्याची टाकी आठवा. तिथे हाच गुण कामाला आला.

एक आकडा लक्षात ठेवा. पाण्याने पूर्ण भरलेल्या, झिजलेल्या बेसॉल्टचा, म्हणजे याच लाव्ह्याच्या खडकाचा, एक घनमीटर तुकडा विहिरीला साधारण 20 लिटर पाणी सोडतो. दोन बादल्या धरा! जळगावकडे तापीच्या गाळात हे प्रमाण कितीतरी जास्त असतं.

म्हणून पेठचं असं होतं. तिथे उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली घट्ट खडक. वरचा पातळ थर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच तुडुंब भरतो. पुढचा सगळा पाऊस दमणगंगा, नार, पार या नद्यांनी गुजरातकडे निघून जातो. जे मुरलं, तेही उतारावरच्या झऱ्यांतून दिवाळीनंतर हळूहळू ओसरतं.

बोअर अजून खोल न्यावी का, हा प्रश्न नेहमी येतो. खोल गेलं की फटी सहसा कमी होत जातात. कधी एखादी सापडते, पण तिच्यात पाणी भरायला फार वेळ लागतो, उपसायला नाही. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यानेही 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आणलं आहे.

आणि तुमच्या विहिरीला पाणी, बांधापलीकडच्याची कोरडी, असं का? एक कारण डाईक. लाव्हा ज्या उभ्या भेगांतून वर चढला, त्यांतल्या काही भेगांतच तो थिजला. आडव्या थरांना चिरत गेलेली ती दगडी भिंत पुष्कळदा पाणी अडवते. चढाकडच्या बाजूला पातळी वर राहते, पलीकडे ती खाली जाते. शेतातून मोठ्या धोंड्यांची सरळ रेष जात असेल तर तिच्यावर लक्ष ठेवा. बंधारा घालायचा असेल तर त्या रेषेच्या कोणत्या बाजूला घालताय, हे भूजल सर्वेक्षणवाल्यांना आधी दाखवून घ्या.