हातोडीच्या आधी पुलर

(पार्किंगमध्ये उभी आरएक्स 100. कॅमेरा डाव्या बाजूच्या इंजिन कव्हरवर येतो.)

1985 साली भारतात आलेली यामाहा आरएक्स 100. 1996 मध्ये ती बनायची बंद झाली, तरी महाराष्ट्रात ती जिवापाड जपणारी माणसं गावोगाव भेटतात. 98 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. टॅपेट नाहीत, टायमिंग चेन नाही. घरच्या घरी उघडायला याहून सोपं इंजिन नाही, असं सगळेच सांगतात, आणि ते खरंही आहे. फक्त त्याला नेमकी हत्यारं लागतात. ती नसताना हात घातला, तर चांगल्या इंजिनाचंही वाटोळं होतं.

आज एकच काम बघू: क्रँकचं, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याचं, डावं ऑइल सील (फटीतून गळती होऊ न देणारं रबरी कडं) बदलणं.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या पेटीत, येतं. तिथे पिस्टन ते खालून दाबतो आणि मग ते सिलिंडरमध्ये चढतं. त्यामुळे क्रँककेस हवाबंदच हवी. डावं सील झिजलं की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं. इंजिन तापतं, प्लग पांढरा पडतो, थ्रॉटल सोडला तरी आरपीएम रेंगाळतो. अशी गाडी घाटात दामटली तर पिस्टन जाम होतो. एका रबरी कड्यापायी बोअरचं, म्हणजे सिलिंडर आतून घासून घेण्याचं, काम निघतं.

(स्क्रूचं डोकं, अगदी जवळून.)

सील मॅग्नेटच्या (क्रँकबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या चुंबकी चाकाच्या) मागे आहे आणि मॅग्नेट कव्हरच्या आत. कव्हरला चौफुलीचे स्क्रू. बहुतेक इंजिनांचा घात इथेच होतो.

आपल्या घरात असतो तो स्टार स्क्रूड्रायव्हर फिलिप्स पद्धतीचा. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांनी 1936 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. जपानी गाड्यांचे स्क्रू मात्र जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचे. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. पण फिलिप्सचं टोक जेआयएसच्या खाचेत तळाला टेकतं आणि कडांना नीट भिडतच नाही. जोर लावला की ते वर सरकतं आणि खाच खाऊन टाकतं. पुष्कळ जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक टिंब असतं. ते दिसलं की फिलिप्स बाजूला ठेवा. मापही बघा: 6 मिलिमीटरच्या स्क्रूला 3 नंबरचं टोक लागतं, आणि आपल्या हातात बहुतेक वेळा 2 नंबरचं असतं.

वर स्क्रू लोखंडी, केस ॲल्युमिनियमची. पावसाळे खाऊन दोन्ही एकमेकांना धरून बसतात. तिथे नुसतं मनगट पुरत नाही.

(इम्पॅक्ट ड्रायव्हर. हातोडीचा घाव. स्क्रू किंचित फिरतो.)

हा हाताने चालवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. मागून घाव घातला की आतल्या तिरप्या खाचेमुळे टोक एकाच क्षणी खाली दाबलं जातं आणि थोडंसं फिरतं. दाब असल्यामुळे ते खाचेतून निसटत नाही. घाव घालण्याआधी दिशा उलटी लावली आहे ना, तेवढं पाहा, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. या साध्या हत्याराचं आम्हाला फार कौतुक वाटतं. छिन्नीने फोडलेली स्क्रूची डोकी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनाही वाटेल.

कव्हर निघालं. आता मॅग्नेट. ते होल्डरने धरून नट सोडवायचा. नट निघाला तरी मॅग्नेट जागचं हलत नाही, कारण ते क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेलं असतं. लोक इथे हातोडी उचलतात. कृपा करून उचलू नका. आतले चुंबक तडकतात, क्रँक वाकडी होते.

इथे पुलर हवा, म्हणजे मॅग्नेट ओढून काढायचं हत्यार. तो आधी मॅग्नेटच्या आट्यांत पूर्ण बसवा, मगच मधला बोल्ट आवळा. बोल्ट क्रँकला रेटतो, मॅग्नेट मागे येतं आणि ‘टक्’ असा आवाज होऊन सुटतं. मॅग्नेट क्रँकवर नेमक्या जागी धरणारी अर्धचंद्राकार चावी (‘की’) पडून हरवते, ती आधी डबीत ठेवा.

त्यामागची स्टेटर प्लेट (तारेच्या कॉइल बसवलेली स्थिर चकती) काढली की सील समोर. ते हुकाने काढताना क्रँकवर ओरखडा नको. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस, स्प्रिंगची बाजू आत, आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाचा सॉकेट टेकवून सरळ आत ढकला.

(छोटा टॉर्क रेंच. ‘क्लिक’.)

कव्हर परत लावताना छोटा टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की ‘क्लिक’ करणारा पान्हा, घ्या. 6 मिलिमीटरच्या स्क्रूला साधारण 6 ते 10 न्यूटन-मीटर पुरतात. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. चाकाच्या नटांसाठीचा मोठा रेंच इथे चालत नाही, एवढ्या कमी ताकदीला तो भरवशाचा नसतो. केसचे आटे गेले की पुढे वेल्डिंग नाहीतर हेलिकॉइल (भोकात बसवायचे तारेचे नवे आटे).

पुलर मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर शोधा, किंवा गावातल्या लेथवाल्याकडून करून घ्या. त्याला मापं तोंडी सांगू नका, सुटं मॅग्नेट मिळालं तर तेच न्या. आट्यांची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, तंतोतंत जुळली पाहिजे, आणि काही मॅग्नेटना उलटे आटे असतात. आणलेला पुलर हाताने फिरवून बघा. तो शेवटपर्यंत सहज गेला, तरच पान्हा लावा.